आधी हॅगार्ड घे

जुन्या इंग्रजी साहसकादंबऱ्या वाचायच्या असतील, तर आर्थर कॉनन डॉइलचं 'द लॉस्ट वर्ल्ड' (१९१२) नंतर वाच. आधी रायडर हॅगार्डचं 'किंग सॉलोमन्स माइन्स' घे. आफ्रिकेतल्या खजिन्याच्या शोधाचं १८८५चं पुस्तक, पण वेग अजून ओसरलेला नाही. हत्तींच्या शिकारीची पानं भरभर उलटलीस तरी चालेल. वाळवंटात पाणी संपतं तिथे मात्र सावकाश वाच. तहान अशी लिहिलेली मी फार कमी वाचली आहे. हॅगार्ड तरुणपणी दक्षिण आफ्रिकेत नोकरीला होता, ते जाणवतं.

एक मात्र कर. पुस्तकात आफ्रिकेतले भव्य जुने अवशेष बाहेरच्यांनी बांधले असं सुचवलं आहे, म्हणून सोबत ग्रेट झिम्बाब्वे या आफ्रिकेतल्या जुन्या, उजाड शहराच्या दगडी भिंतींबद्दलही वाच. त्या आफ्रिकन लोकांनीच बांधल्या, हे १९२९मध्ये पुरातत्त्वज्ञ गर्ट्रूड केटन-थॉम्पसन यांनी उत्खननातून दाखवलं, तरी गोऱ्या वसाहतवाद्यांना ते कितीतरी वर्षं पचलं नाही. मला त्याचा आजही राग येतो.