कार पार्कखाली मठ होता हे ओळखलं कसं?

प्रश्न : इंग्लंडमधल्या लेस्टरला कार पार्कखाली राजा तिसरा रिचर्ड सापडला हे वाचलं होतं. तिथे आधी फ्रान्सिस्कन मठ होता म्हणतात, पण वर तर एक भिंतसुद्धा शिल्लक नव्हती. मग खणायचं कुठे हे कसं ठरवलं? आणि राजा सापडला नसता तर सगळं खोदकाम फुकटच गेलं असतं ना?

उत्तर : फुकट मुळीच गेलं नसतं, पण ते नंतर सांगते, आधी भिंतींचं बघू.

हे फ्रान्सिस्कन म्हणजे एका ख्रिस्ती पंथाचे भिक्षू रानावनात न राहता भर शहरात राहायचे, प्रवचनं करायचे आणि भिक्षेवर जगायचे, त्यामुळे त्यांचे मठही गावाच्या मध्यात. १५३८ मध्ये इंग्लंडचा राजा आठव्या हेन्रीच्या काळात लेस्टरचा मठ बंद झाला आणि मग चांगला घडवलेला दगड कोण सोडतंय, लोकांनी भिंती पार पायापर्यंत उपसून नेल्या. म्हणून अशा जागी बऱ्याचदा भिंत सापडतच नाही, सापडतो तो दगड काढून नेल्यावर उरलेला चर, ज्यात चुन्याचा चुरा, फुटक्या फरशा आणि दगडाच्या कपच्या भरलेल्या असतात. आजूबाजूच्या मातीपेक्षा या भरावाचा रंग आणि पोत वेगळा दिसतो, आणि ती रेघ धरत गेलं की नसलेल्या भिंतीचा नकाशा तयार होतो. मला तर हे सोनं सापडण्यापेक्षा भारी वाटतं!

आता जागा. मध्ययुगीन चर्च साधारण पूर्व-पश्चिम बांधायचे, म्हणून ऑगस्ट २०१२ मध्ये लेस्टर विद्यापीठाच्या टीमने पहिले दोन लांब खड्डे उत्तर-दक्षिण घेतले, म्हणजे भिंत जिथे असेल तिथे आडवी कापली जाणारच. पहिल्याच दिवशी पायाची हाडं दिसली, पण ती लगेच उचलली नाहीत, झाकून ठेवली, कारण आपण मठाच्या नेमक्या कुठल्या भागात आहोत हेच माहीत नव्हतं. मग भिंतीलगतची दगडी बाकं असलेली खोली लागली, ती भिक्षूंची बैठकीची खोली. शेजारी आवाराभोवतीची ओवरी, आणि उत्तरेला जाडजूड भिंतींचे चर व नक्षीच्या फरशा, म्हणजे चर्च. जुन्या नोंदीत रिचर्डला चर्चच्या कॉयरमध्ये, म्हणजे भिक्षू प्रार्थनेला बसायचे तिथे पुरल्याचं होतं, आणि ती हाडं बरोब्बर तिथेच होती.

कबरीचा खड्डा तर इतका आखूड खणलेला की डोकं एका कडेला टेकून वर राहिलं होतं, शवपेटी नाही, आणि पावलं गायब, ती बहुतेक नंतरच्या कुठल्या तरी बांधकामात गेली. पाठीचा कणा वाकलेला, शरीरावर ११ जखमा, त्यातल्या ९ कवटीवर. पुढे रिचर्डच्या बहिणीच्या वंशजांशी डीएनए जुळला आणि फेब्रुवारी २०१३ मध्ये जाहीर केलं. पण माझ्या मते आधी खोल्या ओळखल्या नसत्या तर त्या हाडांना काही अर्थच लागला नसता.

आता तुमचं 'फुकट'. केंब्रिजला ऑगस्टिनियन या दुसऱ्या ख्रिस्ती पंथाच्या भिक्षूंच्या मठाची जागा खणली तिथे कोणी राजा नव्हता. पट्ट्याच्या बकलांवरून भिक्षू ओळखले, कारण त्यांना अंगावरच्या झग्यासकट पुरायचे. मग १९ भिक्षूंच्या कमरेजवळची माती सूक्ष्मदर्शकाखाली तपासली (कवटी आणि पावलांजवळचीही, म्हणजे नंतर बाहेरून काही मिसळलं नाही ना ते कळावं) तर ११ जणांच्या पोटात जंत होते, आणि शहरातल्याच एका साध्या स्मशानातल्या २५ लोकांपैकी फक्त ८ जणांच्या. गंमत बघा, शौचालय आणि हात धुवायची सोय बहुतेक मठांतच होती, सामान्य माणसाकडे नव्हती! संशोधकांचा अंदाज असा की भिक्षू आपल्या भाजीच्या बागेला मैल्याचं खत घालत असावेत. हे कुठल्याही मठाच्या वहीत सापडलं नसतं, त्यासाठी मातीच चाळावी लागते.