येऊरच्या ओढ्यावर पंख खाली टाकून बसलेला चतुर जखमी असतो का?

नाही, तो ठणठणीत आहे. तुम्ही लिहिलंय की ओढ्यातल्या दगडावर निळसर-काळा चतुर पंख पुढे झुकवून, शेपूट आभाळाकडे करून बसला होता, हुसकावला तरी पुन्हा त्याच दगडावर येत होता. त्याला डब्यातून घरी न्यावं का, असं विचारलंत. कृपया नेऊ नका. ठाण्याजवळचं येऊरचं जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतं, तिथून कुठलाच जीव उचलायचा नसतो. आणि त्याची बसायची रीतच ती आहे.

ही ट्रायथेमिस प्रजाती, म्हणजे चतुरांच्या जवळच्या जातींचा एक गट. इंग्रजीत यांना ‘ड्रॉपविंग’ म्हणतात ते या सवयीमुळेच. मागच्या पंखांच्या मुळाशी गडद तपकिरी डाग असेल तर तुमचा चतुर म्हणजे ट्रायथेमिस फेस्टिव्हाचा नर. मादी पिवळट, अंगावर काळे पट्टे. तिथेच कधी गुलाबी-जांभळा, पंखांवर लाल शिरा असलेला दिसला तर तो याच गटातली दुसरी जात, ट्रायथेमिस ऑरोरा, पण तो तळ्याकाठीही सापडतो. फेस्टिव्हाला मात्र वाहतं पाणी लागतं.

शेपूट वर जाते ती उन्हामुळे. भर दुपारी टोक सूर्याकडे रोखलं की अंगावर ऊन कमी पडतं. मी एकदा जवळ बसून पाहिलंय, शेपटीची दगडावरची सावली आखडत आखडत ठिपक्याएवढी झाली होती. पुन्हा तिथेच येतो कारण ती त्याची हद्द आहे. दुसरा नर फिरकला की आधी त्याला पिटाळतो, मग परत बैठक.

पण त्याच्या आयुष्यातला मोठा काळ पाण्याखाली जातो, आणि मला तोच जास्त नवलाचा वाटतो. मादी शेपटीचं टोक पाण्यात बुडवून अंडी सोडते. पिल्लू तळाशी दबा धरून बसतं. डोक्याखाली घडी घातलेला खालचा ओठ झटक्यात पुढे फेकून डासांच्या अळ्या धरतं. त्याचे कल्ले आतड्याच्या शेवटच्या भागात असतात. तिथूनच ते पाणी आत घेतं, आणि जिवावर बेतलं की तेच पाणी जोरात मागे फेकून सटकतं.

म्हणून नाल्याचा तळ सिमेंटने गुळगुळीत केलेला पाहिला की मला फार वाईट वाटतं. वर चतुर भिरभिरत राहतो, खाली पिल्लाला लपायला एक दगड उरत नाही.

पुढच्या वेळी काठच्या गवताच्या काड्या निरखा. पाठीवर चीर पडलेली, मातकट रंगाची पोकळ कात चिकटलेली दिसेल. त्यातूनच तो बाहेर आलेला असतो.