साडेचार हजारांसाठी लेकरं दुसऱ्याच्या दारात?

काकूंना सप्रेम नमस्कार,

मी लातूरला बार्शी रोडला राहते. वय ३३. डीएमएलटी करून एका खाजगी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये टेक्निशियन आहे. तिथं मला ८ वर्षं ४ महिने झाले. पगार ९,५०० सांगतात, खात्यावर ८,२८८ येतात. काहीतरी कापतात, पण स्लिप कधी दिली नाही. स्टाफ पंचवीसएक माणसांचा. उपाशीपोटीची सॅम्पलं असतात म्हणून सकाळी सातला हजर राहावं लागतं, सुटायला तीन वाजतात. एक आड एक रविवार ड्यूटी.

मिस्टर मार्केट यार्डात आडतीवर मुनीम आहेत, १४,००० मिळतात. ते दहाला घर सोडतात. सोयाबीनच्या सीझनला यायला रात्रीचे दहा होतात. मुलगी आठ वर्षांची, तिसरीत आहे. ती समजूतदार आहे. मुलगा साडेतीन वर्षांचा. आजवर सासूबाई होत्या, पण मामंजींना लकवा मारल्यापासून त्या औसा तालुक्यात गावाकडंच असतात. मुलाला आता पाळणाघरात ठेवते, २,५०० देते. मुलीच्या ऑटोला ८००, माझ्या जाण्यायेण्याला ६००. हातात साडेचार हजारही राहत नाहीत.

मागच्या महिन्यात पाळणाघर दोन दिवस बंद होतं, म्हणून मुलाला लॅबवर नेलं. बाहेरच्या खुर्चीवर बसवलं. मी पेशंटच्या दंडाला पट्टा बांधला की हा तिकडून ओरडायचा, "मूठ आवळा!" सगळे हसत होते. मग माझा धक्का लागून रॅक आडवा झाला, एका ट्यूबचं झाकण निघून रक्त सांडलं आणि हा ते बघायला अनवाणी धावत आला. मी त्याला जोरात ढकललं. तो पडला. सुपरवायझर म्हणाले, "मॅडम, हे पाळणाघर नाही." त्या रात्री लेकरू माझ्याजवळ झोपलं नाही.

जाऊबाई म्हणतात, साडेचार हजारांसाठी लेकरं दुसऱ्याच्या दारात कशाला टाकायची? मिस्टर म्हणतात, तुझं तू ठरव. मी नोकरी सोडू का?

— एक वाचक, लातूर

*

बाई गं,

"मूठ आवळा" वाचलं आणि पत्र खाली ठेवून थोडा वेळ नुसती बसले. साडेतीन वर्षांचं लेकरू आईचं काम तोंडपाठ करतंय. त्याला ढकललंस ते रक्तापासून लांब ठेवायला ढकललंस. ते मनातून काढून टाक. त्याला जवळ घेऊन एकदा सांग की आई घाबरली होती. एवढ्यानं त्याला पुरेल.

आता नोकरीचं. माझं मत आधीच सांगते: आत्ता सोडू नकोस, आणि या पगारावर, या रीतीनं फार दिवस राहूही नकोस.

मी तीसएक वर्षं अंबाजोगाईला एका कामगार-वकिलांच्या ऑफिसात कागद सांभाळले, त्यामुळे आकडा दिसला की हात आपोआप बेरीज-वजाबाकीला जातो. ९,५०० मधून ८,२८८ गेले की राहतात १,२१२. साडेनऊ हजाराचे १२ टक्के म्हणजे १,१४० आणि पाऊण टक्का म्हणजे ७२. बेरीज बरोब्बर १,२१२. पहिला पीएफ, म्हणजे भविष्य निर्वाह निधी; दुसरा ईएसआय, म्हणजे कामगारांचा आरोग्य विमा. तुला कुणी सांगितलं नाही, पण बहुतेक तुझी दोन्ही खाती चालू आहेत. आणि मालकालाही पीएफचे तेवढेच १२ टक्के भरावे लागतात. त्यातले ७९१ तुझ्या पेन्शनच्या खात्यात जातात, उरलेले ३४९ तुझ्या ११४० मध्ये मिळतात. म्हणजे दर महिन्याला साधारण १,४८९ रुपये तुझ्या नावानं जमा व्हायला हवेत. "व्हायला हवेत" असं मुद्दाम म्हणते. कापून घेतलेले पैसे भरलेच नाहीत अशी प्रकरणं मी ढिगानं पाहिली आहेत. उद्याच ऑफिसात यूएएन, म्हणजे तुझ्या पीएफचा कायमचा नंबर, माग आणि सरकारच्या उमंग ॲपवर पासबुक उघडून बघ. ईएसआयचं कार्डही माग. नवऱ्याचं आणि दोन्ही लेकरांचं आजारपण त्यात बसतं. आठ वर्षांत खोकल्या-तापाला किती पैसे खिशातून घातलेस, कोण जाणे.

दुसरं ग्रॅच्युइटीचं, म्हणजे नोकरी सोडताना मालकानं एकरकमी द्यायच्या पैशांचं. पाच वर्षं सलग नोकरी झाली की तिचा हक्क लागतो, आणि दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी ती द्यावीच लागते. हिशेब असा की भरलेल्या प्रत्येक वर्षाला १५ दिवसांचा पगार, महिना २६ दिवसांचा धरून. साडेनऊ हजारावर वर्षाला सुमारे ५,४८० होतात. आज सोडलीस तर ८ वर्षांचे ४३,८४६. पण शेवटच्या वर्षाचे सहा महिन्यांहून जास्त दिवस भरले की ते पूर्ण वर्ष धरतात. तुझे चार महिने झालेत. अजून दोन महिने आणि वर चार दिवस काढलेस तर नऊ वर्षांचे ४९,३२७ होतात. राजीनामा द्यायचाच ठरला तरी त्या तारखेच्या आत देऊ नकोस.

हे एवढं घासून सांगते त्याला कारण आहे. १९९० साली मी परभणीकडं एका सूतगिरणीच्या ऑफिसात कारकून होते. सहा वर्षं झाली होती. धाकटीला गोवर निघाला, घरात करायला कुणी नाही, मी रडतच साहेबांसमोर गेले. त्यांनी एक टाइप केलेला कागद पुढं केला: स्वखुशीने राजीनामा देत आहे, माझे काहीही येणे बाकी नाही. मी न वाचता सही केली. ग्रॅच्युइटी हा शब्दच मला तेव्हा ठाऊक नव्हता. नोकरी सोडल्याचं दुःख मला कधी झालं नाही, लेकरू तापानं फणफणत होतं. त्या सहीचं दुःख अजून आहे.

आणि पुढची सात वर्षं घरात राहून काय गेलं, तर सवय गेली. परत कामाला लागले तेव्हा पगार ७०० होता, आणि फोन वाजला की माझ्या पोटात गोळा यायचा. तुझं तर हाताचं काम आहे. म्हाताऱ्या माणसाची, तान्ह्या लेकराची शीर पहिल्या टोचणीत सापडणं हा हात आठ वर्षांत बसलाय. तो मोडू देऊ नकोस. जाऊबाईंच्या हिशेबात हा हात कुठंच धरलेला नाही.

त्यांच्या हिशेबात आणखी एक चूक आहे, आणि तीच चूक तूही केलीस. पाळणाघराचे २,५०० आणि मुलीच्या ऑटोचे ८०० तू तुझ्या एकटीच्या पगारातून वजा केलेस. लेकरं काय तुझी एकटीची आहेत? हा खर्च दोन्ही पगारांवर घाल, मग तुझ्याकडं किती राहतात बघ. "तुझं तू ठरव" हे मिस्टरांचं बोलणं प्रेमाचं असेल, पण त्यानं सगळं ओझं तुझ्या डोक्यावर येतं. ते दहापर्यंत घरी असतात. मुलाचं उठवणं, आंघोळ, नाश्ता, पाळणाघरात सोडणं त्यांनी करावं. मग पाळणाघर दहा ते तीन एवढंच लागेल आणि पैसे कमी करायला सांगता येईल. साडेतीन वर्षांच्या लेकराला अंगणवाडीही आहे, तीन ते सहा वयासाठी, फुकट. जवळची कशी चालते ते एकदा स्वतः जाऊन बघ.

पगाराचं बोलणं आधी तुझ्या हॉस्पिटलातच कर. हॉस्पिटलांना सरकारचं किमान वेतन लागू आहे, आणि त्यातला महागाईचा विशेष भत्ता जानेवारी आणि जुलैत बदलतो. सरकारी कामगार अधिकाऱ्याच्या कार्यालयात जा आणि तुझ्या कामाचा आजचा आकडा लिहून घे. तो साडेनऊ हजाराहून वर असेल तर फरक मागणं हा तुझा हक्क आहे, उपकार नाही. भांडायला जाऊ नकोस. सकाळी सात ते नऊ ही त्यांची सगळ्यात गर्दीची वेळ आणि ती तू पेलतेस, हे डोक्यात ठेवून बोल. त्याच वेळी बाहेरही चौकशी कर. लातुरात लॅबना तोटा नाही, आणि घरी जाऊन सॅम्पल घेणारी माणसं त्यांना पहाटेच लागतात. सहा ते नऊ तेवढं काम करून दहाच्या आत घरी येता आलं तर पाळणाघरच लागणार नाही. दुसरीकडं गेलीस तरी यूएएन तोच ठेव आणि पीएफ काढू नकोस. दहा वर्षं भरली की पेन्शनचा हक्क लागतो. तुला पावणेदोन वर्षंसुद्धा राहिली नाहीत.

जूनपर्यंत वेळ घे. तोवर पगार हलला नाही, घरात वाटणी झाली नाही, किंवा तुझं शरीरच थकलं, तर सोड. कुणाला उत्तर द्यायला बांधील नाहीस. पण राजीनामा स्वतःच्या हातानं लिही, एका प्रतीवर तारखेसह पोच घे, आणि ३० दिवसांच्या आत ग्रॅच्युइटीचा लेखी अर्ज दे. "काहीही येणे बाकी नाही" असं लिहिलेल्या कागदावर सही नाही.

शेवटचं. तुझ्या पत्रात मुलगा पुन्हा पुन्हा येतो. मुलीबद्दल तीन शब्द आहेत: ती समजूतदार आहे. माझी थोरलीही समजूतदार होती. मी पुन्हा कामाला लागले तेव्हा ती नऊची होती. शाळेतून आली की कुलूप उघडायची आणि धाकटीला जेवू घालायची. लग्न झाल्यावर एकदा बोलता बोलता तिनं सांगितलं, "आई, मी आत बसायचेच नाही. तू दिसेपर्यंत शेजारच्यांच्या ओट्यावर बसून राहायचे." मला तोवर ठाऊकच नव्हतं.

तुझी शाळेतून किती वाजता येते? तीन वाजेपर्यंत कुठं असते? येत्या सुट्टीच्या रविवारी तिचे केस विंचरताना तिला विचार, आणि काय म्हणाली ते मला कळव.

— काकू