ऑनलाइन अर्ज करताना उठून दिसणारा क्रिएटिव्ह रेझ्युमे कसा बनवावा?

मेकॅनिकल डिप्लोमा झालाय, नाशिकमधल्या अंबडच्या एका कारखान्यात दोन वर्षं काम केलंय, कॅनव्हावर रंगीत रेझ्युमे बनवलाय, तरी पोर्टलवरून कुणाचंच उत्तर येत नाही, असं तुम्ही लिहिलंय. मी नाशिकमध्येच सातपूरच्या एका कंपनीत भरतीचं काम पाहते, म्हणून अर्ज आमच्याकडे पोचतो तेव्हा त्याचं काय होतं ते सांगते.

बऱ्याच मोठ्या कंपन्यांत तुमची फाइल आधी एटीएस नावाच्या, आलेले अर्ज वाचून नोंदवणाऱ्या सॉफ्टवेअरकडे जाते. ते मजकूर उपसून नाव, शिक्षण, अनुभव, कौशल्यं अशा रकान्यांत भरतं. रंग आणि आयकॉन त्याच्या कामाचे नसतात. दोन कॉलम असतील तर काही सॉफ्टवेअर सरळ आडवं वाचतं आणि डावीकडचं 'सॉलिडवर्क्स' (डिझाइनचं सॉफ्टवेअर) उजवीकडच्या कंपनीच्या नावाला जाऊन चिकटतं. वर्डच्या हेडरमधला मोबाइल नंबर कधीकधी उचललाच जात नाही. कौशल्यापुढे पाचपैकी चार ठिपके रंगवले, तर त्यातून मलाही काही समजत नाही.

आत्ताच तपासा: तुमची पीडीएफ उघडा, सगळं सिलेक्ट करून कॉपी करा आणि नोटपॅडमध्ये पेस्ट करा. क्रम विस्कटला तर साच्यात गडबड आहे. काहीच सिलेक्ट झालं नाही, तर तुमचा रेझ्युमे म्हणजे नुसतं चित्र आहे.

म्हणून पोर्टलसाठी एक कॉलम, साधा फॉन्ट, साधे मथळे. कल्पकता लावायची ती ओळींत. 'व्हीएमसी ऑपरेटर म्हणून सर्व जबाबदाऱ्या पार पाडल्या' अशी ओळ मी रोज वाचते आणि पुढे जाते. (व्हीएमसी म्हणजे संगणकाच्या आज्ञेवर धातू कापणारं मशीन.) तेच काम असं लिहून बघा: 'फॅनक कंट्रोलच्या व्हीएमसीवर ऑपरेटिंग व सेटिंग. पंप हाउसिंगचं फिक्स्चर बदलल्यामुळे ४० मिनिटांचं सेटिंग २५ मिनिटांत होऊ लागलं.' इथे मी थांबते, कारण माणूस मशीनपाशी उभा असलेला दिसतो. रेझ्युमे इंग्रजीत असला तरी हेच करा. आकडे मात्र तुमचे आणि खरे हवेत; मुलाखतीत पहिला प्रश्न त्यांच्यावरच येतो.

जाहिरातीत जो शब्द आहे आणि जे तुम्हाला खरंच येतं, तोच शब्द वापरा. पांढऱ्या अक्षरांत कीवर्ड लपवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. मजकूर उपसला की ते सगळे उघडे पडतात आणि विश्वास जातो.

वडिलांचं नाव, वैवाहिक स्थिती, शेवटचं डिक्लेरेशन हे सगळं काढून टाका. लग्नाच्या बायोडेटात ते शोभतं. त्या जागी एक ओळ लिहा: 'नाशिकरोडला राहतो, स्वतःची बाइक आहे, तिन्ही शिफ्ट चालतील, सिन्नर-गोंदेला यायची तयारी आहे.' इथल्या भरतीत या ओळीला फार किंमत आहे, आणि ती लिहिणारे अगदी थोडे.

रंगीत रेझ्युमे फेकू नका. छोट्या युनिटच्या मालकांना व्हॉट्सॲपवर पाठवायला किंवा हातात द्यायला तो चांगला आहे. खरोखर काही दाखवायचं असेल तर लिंक्डइनवर दोन-तीन कामं ठेवा आणि ती लिंक रेझ्युमेत द्या. कंपनीची ड्रॉइंग मात्र टाकू नका, ती गोपनीय असतात. घरी बसून स्वतः केलेली मॉडेलं टाका.