बोटीच्या इंजिनचा झिंक अ‍ॅनोड दोन वर्षांत झिजलाच नाही, मग बदलायचा कशाला?

तुम्ही विचारलंय की तुमची फायबरची बोट कोयनेच्या बॅकवॉटरला (शिवसागर जलाशयात) बामणोलीला असते, ४० एचपीचं आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागं बाहेरनं लावायचं इंजिन, मालवणकडनं सेकंड हँड आणलंय, आणि पंख्याच्या वरचा झिंकचा (जस्ताचा) तुकडा, म्हणजे अ‍ॅनोड, दोन वर्षं झाली तरी जसाच्या तसा आहे, तर तो राहू द्यायचा का बदलायचा, आणि बदलायचा तर कसा.

बदला. आणि झिंक काढून परत झिंकच घालू नका.

हे एवढं ठासून सांगतोय कारण आमच्या मामांच्या तापोळ्याच्या बोटीवर डिट्टो हेच झालंय. त्यांचं इंजिन पण कोकणातनं आलेलं, ज्यानं विकलं त्यानं सांगितलं की झिंक नवीन टाकलंय, आता बघायला नको. दोन सीझन आम्ही इंजिन वर उचललं की त्या तुकड्याकडं बघायचो आणि खूष व्हायचो, तिकडं समुद्रावर लोकांचं वर्षात अर्धं संपतं आणि आपलं बघा कसं टिकलंय. तिसऱ्या वर्षी मे महिन्यात पाणी मागं गेलं, बोट काठावर कोरड्यात ओढली, आणि खालच्या गिअरकेसवर (पंख्याचे गिअर ज्यात असतात त्या पेटीवर) हात फिरवला तर रंगाखाली बारीक बारीक फोड हाताला लागले. नखानं एक फोड उचकटला तर आतनं पांढरा भुरा निघाला, ओल्या चुन्यासारखा, आणि त्याच्याखाली ज्वारीचा दाणा बसेल एवढा खड्डा. असे वीस-पंचवीस असतील. गिअर ऑइल काढलं तर ते चहात दूध जास्त झाल्यासारखं, म्हणजे सीलपाशी खड्डा पडून पाणी आत शिरलेलं. आणि झिंक मात्र ठणठणीत! त्याच्यावर एक पांढरट राखाडी थर बसलेला, चाकूनं खरवडायला जोर लावावा लागला इतका कडक.

आता हे असं का होतं ते बघा, कारण हे कळलं की पुढचं सगळं आपोआप कळतं. दोन वेगळे धातू एकमेकांना चिकटून पाण्यात असले की त्यांची बॅटरी तयार होते, आणि त्यातला जो लवकर झिजणारा धातू तो दुसऱ्याच्या वाटणीचं झिजणं स्वतःवर घेतो. तुमच्या इंजिनचं गिअरकेस अ‍ॅल्युमिनियमचं, शाफ्ट स्टीलचा, बोल्ट स्टेनलेसचे, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच बळी जाणार. म्हणून त्याच्यापेक्षाही लवकर झिजणारा एक तुकडा मुद्दाम जोडायचा, तो मरणार आणि गिअरकेस जगणार. आपल्याकडं पाइपलाइनीत जीआयच्या पाइपला पितळी नळ थेट लावला की काही वर्षांनी जीआयचेच आटे खाल्लेले दिसतात ना, तोच हा प्रकार. आणि ही युक्ती काही नवीन नाही, हम्फ्री डेव्ही या इंग्रज शास्त्रज्ञानं १८२४ साली इंग्लंडच्या नौदलाच्या लाकडी जहाजांच्या तांब्याच्या पत्र्याला लोखंड आणि जस्ताचे तुकडे लावून बघितले होते. तांबं वाचलं पण, फक्त ते विरघळायचं थांबलं तसे शिंपले आणि शेवाळ जहाजाला चिकटायला लागले, कारण विरघळणारं तांबंच त्यांना मारत होतं.

म्हणजे अ‍ॅनोडचं कामच झिजायचं आहे. झिजत नसेल तर एक तर त्याचा इंजिनशी संपर्क नाही, नाहीतर त्याच्यावर थर बसून तो झोपलाय. तुमच्या बाबतीत मला दुसरं वाटतंय. झिंक खाऱ्या पाण्यात छान चालतं. गोड्या पाण्यात त्याच्यावर स्वतःचाच एक थर जमतो आणि तो वीज जाऊ देत नाही, मग झिंक तिथं नुसतं बसून राहतं. वर आपलं शिवसागरचं पाणी म्हणजे जवळजवळ पावसाचंच पाणी हो, महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तो कोयना, सोळशी, कांदाटीतनं थेट खाली येतो. त्यात क्षार कमी, त्यामुळं वीज कशीबशी वाहते, म्हणून अ‍ॅनोडची ढकलायची ताकद जास्त लागते. समुद्राच्या पाण्यात मोजलेले आकडे सांगतो, म्हणजे फरक कळेल; आकडा जितका जास्त उणे, तितका धातू लवकर झिजणारा. अ‍ॅल्युमिनियमचं गिअरकेस साधारण उणे ०.७५ व्होल्टच्या आसपास, झिंक उणे १.०५ च्या आसपास आणि मॅग्नेशियम उणे १.६ च्या आसपास. झिंकला जेमतेम ०.३ व्होल्टचा जोर, मॅग्नेशियमला त्याच्या दुपटीहून जास्त.

त्यामुळं कोयनेच्या बॅकवॉटरला मॅग्नेशियमचाच अ‍ॅनोड. घरातल्या टाकीच्या गिझरमध्ये मेकॅनिक जो रॉड बदलतो तो पण मॅग्नेशियमचाच असतो, तिथंही गोडंच पाणी. तुमच्या मॉडेलचा मॅग्नेशियमचा नाहीच मिळाला तर अ‍ॅल्युमिनियमचा अ‍ॅनोड घ्या, तो खाडीच्या मचूळ पाण्यात सगळ्यात भारी चालतो आणि गोड्या पाण्यात झिंकपेक्षा नक्कीच बरा. पण एकाच इंजिनवर एक झिंक, एक मॅग्नेशियम अशी खिचडी करू नका, मॅग्नेशियम झिंकलाच वाचवत बसेल आणि फुकट संपेल. सगळे एकदम बदला. आणि उद्या हे इंजिन परत मालवणला विकलंत तर मॅग्नेशियम काढून द्या, खाऱ्या पाण्यात ते बघता बघता संपतं आणि जास्तीच्या जोरानं गिअरकेसचा रंग पण उचलून टाकतं.

पार्ट नंबर बघून मागवा, मला साताऱ्यात दुकानात कधी मिळाला नाही. इथं एक महत्त्वाचं. आपल्याकडं सातारा, सांगली, कोल्हापूरला फाउंड्र्या भरपूर, कुणीतरी म्हणतंच की कशाला एवढे पैसे घालवता, जुना तुकडा द्या, तसाच अ‍ॅल्युमिनियमचा ओतून देतो. आम्हालाही एकानं सांगितलं होतं. अजिबात करू नका. साध्या अ‍ॅल्युमिनियमवर हवेत आणि पाण्यात लगेच कडक ऑक्साइड बसतं आणि तो तुकडा पण झोपतो. अ‍ॅनोडच्या अ‍ॅल्युमिनियममध्ये सुमारे ५ टक्के जस्त आणि अगदी कणभर इंडियम मुद्दाम घातलेलं असतं, ते इंडियमच तो थर बसू देत नाही. भंगारातल्या पिस्टनमध्ये ते कुठनं येणार? आलेला अ‍ॅनोड मॅग्नेशियमचाच आहे का हे बघायचं असेल तर हातात तोलून बघा, तेवढ्याच आकाराचं झिंक चौपट जड लागतं, आणि मॅग्नेशियमवर व्हिनेगरचा थेंब टाकला की लगेच फसफसतं. मात्र मॅग्नेशियमला ग्राइंडर लावू नका, त्याचा कीस पेट घेतो आणि पाणी मारलं तर आणखी भडकतो.

आता बसवायचं कसं. काम मे-जूनमध्ये धरा, पाणी उतरलेलं असतं, बोट ओढायला सोपी आणि पावसाळ्यात वासोटा किल्ला बंद असल्यामुळं धंद्याचीही घाई नसते. आधी बॅटरीची वायर काढा, इंजिन वर उचलून लॉक लावा. अ‍ॅनोड एकच नसतो हे लक्षात ठेवा, पंख्याच्या वरच्या पट्टीखाली जो शेपटासारखा तुकडा लोंबतो तो एक, इंजिन बोटीला अडकवायच्या ब्रॅकेटच्या खालच्या टोकाला आडवी पट्टी असते ती दुसरी, आणि बऱ्याच इंजिनांत ब्लॉकच्या पाण्याच्या वाटेत आत लहान अ‍ॅनोड असतात ते तर कुणी उघडतच नाही. तो शेपटाचा तुकडा काढायच्या आधी मार्करनं त्याचा कोन गिअरकेसवर आखून घ्या, कारण स्टिअरिंग एका बाजूला ओढू नये म्हणून तो तिरका बसवलेला असतो, चुकीचा बसवला तर तासभर हँडल धरून हात भरून येतात. त्याचा बोल्ट पुष्कळदा वरनं रबरी बुचाखाली असतो, खालनं शोधत बसू नका.

स्टेनलेसचा बोल्ट अ‍ॅल्युमिनियममध्ये जाम होतो, म्हणून आदल्या रात्री पेनिट्रेटिंग ऑइल मारून ठेवा आणि बरोबर मापाच्या सॉकेटनंच फिरवा. नाही हलला तर उलट-सुलट थोडा थोडा हलवा, एकदम झटका दिला की डोकं तुटतं आणि मग ड्रिल मारायची वेळ येते. तुकडा निघाला की मागची जागा एमरी पेपरनं घासून घासून चकचकीत धातू दिसेपर्यंत साफ करा. सगळं काम या एका जागेवर अवलंबून आहे, तिथं रंग, ग्रीस, सिलिकॉन, कचरा काहीच नको. ग्रीस लावायचंच असेल तर फक्त बोल्टच्या आट्यांना. मग मल्टिमीटर ओहमवर ठेवून एक टोक अ‍ॅनोडला आणि दुसरं गिअरकेसच्या उघड्या धातूला लावा, १ ओहमच्या आत आलं पाहिजे, जवळजवळ शून्यच. जास्त दाखवत असेल तर परत काढून घासा. आठवड्यानं बोल्ट एकदा परत आवळा.

आणि रंग. सीझनच्या आधी बोट रंगवायला दिली की पोरं दिसेल त्याला ब्रश फिरवतात. रंग दिलेला अ‍ॅनोड म्हणजे नसल्यासारखाच, म्हणून रंगाच्या आधी स्वतः हातानं त्याच्यावर मास्किंग टेप चिकटवा आणि नंतर आठवणीनं काढा. फायबरच्या बोटीच्या बुडाला कुणी नुसता अ‍ॅनोड ठोकून देतो म्हणालं तर तेही नको, फायबरमधनं वीज जात नाही, आतनं वायरनं इंजिनला जोडल्याशिवाय तो कुणालाच वाचवणार नाही.

पुढं दर दोन-तीन महिन्यांनी बघत जा, अर्धा संपला की बदला. महिन्याभरातच संपला तर मात्र अ‍ॅनोडला दोष देऊ नका, बिल्ज पंपाची (बोटीत साचलेलं पाणी बाहेर टाकणाऱ्या पंपाची) किंवा बॅटरीची एखादी सोललेली वायर बोटीत साचलेल्या पाण्यात पडलीय का ते शोधा. धंदा नसेल तेव्हा इंजिन वर उचलूनच ठेवा.

नवीन मागवायच्या आधी मात्र आज एवढं करा, गिअर ऑइलचा खालचा स्क्रू थोडा ढिला करून दोन थेंब बोटावर घ्या. दुधी दिसलं तर अ‍ॅनोड नंतर, आधी सील आणि गिअरकेस मेकॅनिकला दाखवा, तोपर्यंत वासोट्याची ट्रिप मारू नका. काळं किंवा स्वच्छ असेल तर वेळेत विचारलंत.