सकाळचा निळा धूर आणि घरच्या घरी वॉल्व्ह सील

प्रश्न : माझा १९९६ सालचा सहा सिलिंडरचा, बिनटर्बोचा ट्रक आहे. हंगामात कापूस जिनिंगला नेतो, एरवी संत्री. रात्रभर उभा राहिला की सकाळी स्टार्ट करताना निळा धूर येतो, दोन-तीन मिनिटांत जातो. ऑइल सारखं वर घालावं लागतं. मिस्त्री हाफ इंजिन करा, म्हणजे हेड उतरवून पिस्टनच्या रिंगा वगैरे बदला म्हणतो. हेड न उतरवता वॉल्व्ह सील घरी बदलता येतील का?
– एक वाचक, दारव्हा तालुका

उत्तर : येतील, दादा. पण पाना हाती घेण्याआधी दोन सकाळी धुराकडे नीट पाहा. थंडीत जुनं डिझेल इंजिन पांढरा धूर टाकतंच. तो न जळलेल्या डिझेलचा असतो, डोळ्यांना झोंबतो. सीलचा धूर निळसर, त्याला जळक्या ऑइलचा वास. सील खराब झालं की रात्रभर वरचं ऑइल वॉल्व्हच्या दांडीवरून सिलिंडरमध्ये झिरपतं, सकाळी जळतं आणि धूर संपतो. भरल्या गाडीने चढावर धूर वाढत असेल तर मात्र रिंगांवर संशय घ्या. इंजिन गरम करा आणि आयडलिंगवर ऑइल भरायचं झाकण काढून तोंडावर उलटं ठेवा. नुसतं थरथरलं तर ठीक. उडून पडलं आणि भकाभका धूर आला तर तुमचा मिस्त्री खरं बोलतोय. सीलवर पैसे घालू नका.

आता काम. बॅटरीची वायर काढा, टॅपेट कव्हर उतरवा. रॉकरचे बोल्ट एकदम काढू नका, सगळे थोडे थोडे सैल करा. पुश रॉड ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने पुठ्ठ्याला भोकं पाडून खोवून ठेवा. हेडवरची ऑइल खाली जायची भोकं आणि पुश रॉडची भोकं स्वच्छ कापडाने बंद करा. कॉलेट, म्हणजे स्प्रिंगला वॉल्व्हच्या दांडीवर अडकवून ठेवणारी बारीक चिप, तिथून आत गेलं तर थेट खाली ऑइलच्या चेंबरमध्ये जातं.

सगळ्यात जपायची गोष्ट पिस्टनची. ज्या सिलिंडरचं सील काढायचं त्याचा पिस्टन वर टॉपला पाहिजे. मी शिकाऊ असताना घाईत पुलीची खूण न पाहता स्प्रिंग दाबली, कॉलेट काढले आणि वॉल्व्ह सर्रकन सिलिंडरमध्ये गेला. हेड उतरवावं लागलं आणि कापसाने भरलेली गाडी तीन दिवस उभी राहिली. त्या मालकाचा चेहरा मला अजून आठवतो. म्हणून सांगतो : स्प्रिंग दाबली की वॉल्व्ह जरासा खाली जाऊन पिस्टनला टेकला पाहिजे, ते हाताला कळतं. टेकलाच नाही तर तिथेच थांबा.

सहा सिलिंडरमध्ये १ आणि ६, २ आणि ५, ३ आणि ४ हे पिस्टन जोडीने वर येतात. एक जोडी झाली, तिच्या स्प्रिंगा आणि कॉलेट परत बसले, की क्रँक एक तृतीयांश फेरा फिरवून पुढची जोडी वर आणा. क्रँक पान्यानेच फिरवा, सेल्फ मारू नका. इंजेक्टर काढले तर फिरवणं हलकं जातं, पण त्यांची भोकं झाका आणि बसवताना तांब्याचे वॉशर नवे घाला. पिस्टन टॉपला आला की गाडी गिअरमध्ये टाकून चाकाला दगड लावा, म्हणजे स्प्रिंग दाबताना क्रँक हलणार नाही.

जुनं सील निघाल्यावर नखाने दाबून पाहा. चिंचोक्यासारखं कडक झालेलं असेल, कडेला तडे दिसतील. नवं बसवताना दांडीच्या टोकावरच्या कॉलेटच्या खाचेवर प्लॅस्टिकची पातळ टोपी चढवा, नाहीतर सीलची ओठासारखी कड खाचेला लागून फाटते आणि वरून काही दिसत नाही. ऑइल लावा, मापाच्या बॉक्स पान्याने सरळ दाबा. हातोडी नको. काही इंजिनांत फक्त इनटेकला सील असतं, म्हणून जुनी कुठे कुठे होती ते आधी पाहून ठेवा.

सील काढलंच आहे तर दांडी धरून हलवा. हाताला डुलली तर गाइड, म्हणजे दांडी ज्या नळीत सरकते ती, झिजलंय. अशा गाइडवर नवं सील फार टिकत नाही. तिथे हेड उतरवून मशीन शॉपला न्यावंच लागेल, हे मी लपवणार नाही.

शेवटी फिलर गेजने, म्हणजे फट मोजायच्या पातळ पात्यांनी, टॅपेटची फट लावा. माप तुमच्या इंजिनाच्या पुस्तकातलंच घ्या, दुसऱ्या गाडीवाल्याने सांगितलेलं नको. सायलेन्सरमधलं जुनं ऑइल जळेपर्यंत पहिले दोन-तीन दिवस थोडा धूर राहील. डिपस्टिकवर दिसणारी ऑइलची आजची पातळी खडूने भिंतीवर लिहून ठेवा, आठव्या दिवशी गाडी सपाट जागी, थंड असताना पुन्हा पाहा.