पहिला पीबीएल प्रोजेक्ट? आधी टाकी मोज

पीबीएलसाठी, म्हणजे इंजिनिअरिंगमध्ये प्रोजेक्ट करत शिकायच्या विषयासाठी, ग्रुप जमलाय पण विषय सुचत नाही, ही अडचण जवळजवळ सगळ्यांची असते, तेव्हा घाबरू नकोस. पुणे विद्यापीठाच्या २०१९ च्या पॅटर्नमध्ये (अभ्यासक्रमात) तर पहिल्याच वर्षाला पीबीएल होतं; पहिल्या प्रोजेक्टला कुणी तुझ्याकडून पेटंट मागत नाही. सध्या एवढंच बघ:

१. आधी माणूस शोध, मग सेन्सर. 'स्मार्ट सिटी' हा विषय नव्हे. 'आमच्या सोसायटीची टाकी रोज ओसंडते' हा विषय आहे. वॉचमनकाकांना विचार, पंप कोण लावतं, बंद करायचा का राहतो? टाकीची उंची टेपने मोज. कदाचित साध्या फ्लोट स्विचनेच (पाण्यावर तरंगून पंप चालू-बंद करणारं बटण) काम भागेल. भागू दे की! ते ठरवता येणं हेच इंजिनिअरिंग.

२. अ‍ॅप सगळ्यात शेवटी. बहुतेक ग्रुप इथेच फसतात. आधी अर्डुइनो उनो (प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड) आणि अल्ट्रासॉनिक सेन्सर (आवाजाच्या लहरींनी अंतर मोजणारा) घेऊन बादलीतल्या पाण्याची पातळी सीरियल मॉनिटरवर, म्हणजे बोर्डाची रीडिंग दाखवणाऱ्या कॉम्प्युटरवरच्या विंडोत, नीट दिसू दे. एचसी-एसआर०४ या नेहमीच्या अल्ट्रासॉनिक सेन्सरला २ सेंटिमीटरच्या आतलं कळत नाही, म्हणून तो पाण्यापासून पुरेसा वर बसव. पंप थेट अर्डुइनोच्या पिनला जोडू नकोस, मध्ये रिले (छोट्या सिग्नलवर चालणारा स्विच) किंवा ड्रायव्हर (पंपाला लागणारा जास्त करंट देणारं सर्किट) हवाच. आणि २३० व्होल्टला सर शेजारी नसताना हात लावायचा नाही.

३. वही ठेव. तारीख, रीडिंग, काय बिघडलं.

तयार प्रोजेक्ट विकत मिळतात, ठाऊक आहे. परीक्षकांनी एक वायर उपटून 'आता काय होईल?' विचारलं की दातखीळ बसते.

आयओटी (वस्तू इंटरनेटला जोडणं), पीसीबी (छापील सर्किट बोर्ड) वगैरे नंतर बोलू. बादलीची रीडिंग आली की इथेच टाक.